पंचेचाळिशीनंतरची हाफ मॅरेथॉन: सप्टेंबर ते जानेवारी तयारीची यादी

नाशिककरांच्या मोठ्या शर्यती थंडीत असतात. मविप्रची (मराठा विद्या प्रसारक संस्थेची) मॅरेथॉन जानेवारीत, मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. म्हणून २१.१ किलोमीटरची तयारी करताना कॅलेंडर मागून मोजायचं. शर्यतीपासून १६ आठवडे मागे गेलं की सप्टेंबरचा शेवट येतो, आणि त्या सुमाराला न थांबता ६-७ किलोमीटर आरामात धावता यायला हवं. येत नसेल तर यंदा १० किलोमीटरला नाव द्या, हाफ पुढच्या वर्षी. दम सहा-आठ आठवड्यांत वाढतो, स्नायूही लवकर साथ देतात, पण टेंडन (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं घट्ट व्हायला महिने लागतात आणि वयानुसार हा वेळ वाढतो. छाती तयार झालेली असते, टाच झालेली नसते. चाळिशी-पन्नाशीतली बहुतेक दुखणी याच फरकातून येतात, म्हणून ही यादी सर्वांत हळू तयार होणाऱ्या अवयवाच्या वेगाने लावली आहे.

पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन या. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व आणि ईसीजी एवढं करून घ्या. घरात वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते आवर्जून सांगा. ट्रेडमिलवरची तपासणी किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. झोपून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. धावताना छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी मुद्दामच कमी ठेवली जाते, त्यामुळे घड्याळातले हार्ट रेटचे झोन तुम्हाला लागू पडत नाहीत. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने धावताना साखर झपकन उतरते, तेव्हा डोस आणि वेळ विचारून घ्या, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. पाळी थांबलेल्या महिलांनी हाडांच्या घनतेची तपासणी करावी का, तेही याच भेटीत विचारावं.

दुसरी गोष्ट पोटऱ्यांची, आणि हिला बुटांच्याही आधीची जागा आहे. तरुणांचा गुडघा आधी कुरकुरतो. पन्नाशीच्या धावपटूची बहुतेक वेळा पोटरी किंवा अकिलिस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड दोरी. आठवड्यातून दोनदा जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर उचला आणि तीन सेकंद मोजत खाली आणा. दोन्ही पायांवर १५ चे तीन सेट सहज झाले की एका पायावर या: आधी ८, मग हळूहळू १५. त्यानंतर पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घाला. अर्धे सेट गुडघा सरळ ठेवून, अर्धे गुडघा थोडा वाकवून करायचे. वाकवलेल्या गुडघ्याने सोलियस हा आतला स्नायू कामाला लागतो आणि धावताना पोटरीवरचा मोठा भार तोच पेलतो. बहुतेकजण हाच भाग गाळतात. एका पायावर सलग २५ वेळा टाच पूर्ण उचलता येणं हे चांगलं लक्ष्य. दुखणं टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीखाली उतरवू नका, सपाट जमिनीवरच व्यायाम करा. खाली ताणल्याने तिथे टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं चिघळतं. याच दिवशी स्क्वाट, एका पायावर पुढे वाकणं, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) आणि साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग तोलणं). सगळं अर्ध्या तासात होतं. लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब धावेच्या, आदल्या दिवशी मात्र हे नको.

बूट संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ती नसेल तर उतारावर नखं काळी पडतात. जोडी साधारण ६०० ते ८०० किलोमीटर टिकते, तळ घासलेला दिसायच्या आधीच आतला फोम बसलेला असतो. शर्यतीचे बूट निदान ६० किलोमीटर धावून मऊ करा. सुती मोजे घाम धरून फोड आणतात, सिंथेटिकच घ्या.

आठवड्यात चार दिवस धावणं पुरे: मंगळवार आणि शुक्रवार सोपं, बुधवारी थोडा वेग, रविवारी लाँग रन. गुडघे जुने असतील तर शुक्रवारी सायकल. सोपं म्हणजे सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही म्हणो. बुधवारी पहिले सहा आठवडे फक्त २० सेकंदांच्या सहा जलद धावा, त्यानंतर १५-२० मिनिटं टेम्पो, म्हणजे दम लागेल पण टिकवता येईल असा वेग. लाँग रन असे वाढवा: ७, ८, ९ आणि चौथ्या आठवड्यात परत ७, १०, ११, १२, मग ९, १३, १४, १५, मग ११, शेवटी १६, १७, मग १२, आणि शर्यत. आधीच्या सर्वांत लांब धावेपेक्षा एका उडीत एकाच किलोमीटरची वाढ. ग्रुपमधले सगळे १८ निघालेत म्हणून बाराचे अठरा केले, की पुढच्या दोन आठवड्यांत दुखणं येतंच म्हणून समजा. दर चौथ्या हलक्या आठवड्यांपैकी एक दिवाळीवर येईल असं बसवा. नवरात्रात उपास असेल तर लाँग रनच्या आदल्या रात्री रताळी, वरईचे तांदूळ, केळी नीट खाऊन घ्या. नुसत्या चहावर निघू नका. आजारपणाने दोन आठवडे गेले तर राहून गेलेले किलोमीटर भरून काढायचे नाहीत, यादीत दोन पायऱ्या मागे जायचं.

जागा बदलत राहा. आठवड्यातले सोपे रन गोल्फ क्लब मैदानाच्या किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर करा, मातीवर पोटऱ्यांना वेगळं काम मिळतं. पण ट्रॅकची फेरी नेहमी एकाच दिशेने मारू नका. रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरकडे किंवा पुढे धरणाच्या बाजूला चढ-उतार मिळतात. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावलं की एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक किलोमीटरनंतर, टोचायला लागतं. रहदारी समोरून दिसेल असं उजव्या कडेने धावा आणि रिकामा पट्टा मिळाला की थोडं अंतर सपाट मधल्या भागावर काढा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला उत्तम आहेत, उतरताना चालत उतरा. गुडघ्याच्या वाटीवर खरा भार उतरतानाच येतो. पहाटे अंधारात मळे, उसाची शेतं आणि धरणाकडच्या रस्त्याला एकटं जाऊ नका. नाशिकच्या वेशीवर बिबट्या नवा नाही. हेडलॅम्प, चमकणारं जॅकेट, सोबतीला निदान दोघं. कुत्री अंगावर आली तर पळू नका, चालायला लागा.

दुखण्याची भाषा ओळखायला शिका. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर तीनपर्यंत दुखत असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जात असेल तर हलकं धावायला हरकत नाही. चाल बदलत असेल, लंगडावं लागत असेल तर थांबा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेखाली कळ आली तर बहुधा प्लँटार फॅशिया, म्हणजे तळव्याखालची जाड पट्टी, दुखावलेली असते. अनवाणी फिरणं थांबवा, पोटरी आणि तळवा ताणा, टाचा उचलणं चालू ठेवा. जिना उतरताना वाटीभोवती दुखलं तर चढ-उतार कमी करा आणि मिनिटाची पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवा. पाऊल लहान पडतं, गुडघ्यावरचा भार घटतो. नडगीच्या लांब पट्ट्यात दुखणं म्हणजे सहसा अंतर झपाट्याने वाढल्याचा परिणाम. पण बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर जीव जाईल इतकं दुखत असेल, किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. त्यावर कोणीही चोळून देऊ नये, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. सुरुवातीच्या साध्या एक्स-रेत ही चीर बरेचदा दिसत नाही, तेव्हा एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच धावू नका. आणि दुखणं दाबायला धावण्याआधी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका: घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात, आणि दुखण्याचा इशाराही बंद होतो.

ऑक्टोबरची उष्णता कमी लेखू नका. या महिन्यात एकदा, तासभर धावण्याआधी आणि घाम पुसून नंतर, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. मध्ये पाणी प्यायला असाल तर तेही त्यात मिळवा. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय, आणि रक्तातलं मीठ त्याने धोक्याइतकं पातळ होऊ शकतं. तासापेक्षा जास्त धावताना ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापातच. दीड तासाच्या पुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम, बहुतेक जेलही (धावताना खायची साखरेची पाकिटं) २० ते २५. शर्यतीत जे खाणार तेच तीन लाँग रनमध्ये खाऊन पाहा. रोजच्या जेवणात वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. वरण-भातात तेवढी होत नाहीत; अंडी, दही, पनीर, सोयाबीन, मोड आलेली मटकी यांची रोज भर घाला. रविवारची मिसळ धावून आल्यावर खा, लाँग रनच्या आदल्या रात्री मात्र तर्री टाळा.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर आधी तीन चतुर्थांश, मग निम्म्यावर आणा, थोडा वेग मात्र राखा. नवं काही नको: बूट नाही, जेल नाही, मालिशही नाही. आदल्या रात्री बिब (शर्यतीचा नंबर) शर्टाला लावा, काखेत, मांड्यांना आणि पुरुषांनी स्तनाग्रांना लावायला व्हॅसलीन काढून ठेवा. जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या खाली जातो, म्हणून सुरुवातीला टाकून देता येईल असा जुना शर्ट वर घाला आणि दहा मिनिटं चालणं-जॉगिंग करूनच रांगेत उभे राहा. गार पोटरीवर जोर दिला की ती फाटू शकते. मुंबईला जाणार असाल तर तिथे दमट हवा असते, अपेक्षित वेग किलोमीटरमागे १०-१५ सेकंदांनी कमी धरा. पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा सावकाश काढा.

संपल्यावर बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. पाच दिवस धावणं बंद, पुढचा आठवडा फक्त सोपं, वेग तिसऱ्या आठवड्यापासून. मविप्र आणि मुंबई दोन्हींना नाव दिलं असेल तर एकच पूर्ण जोराने धावा, दुसरीला १० किलोमीटर घ्या.