व्हिसा नाकारला? आधी अधिकाऱ्याच्या नोंदी वाचा

कॅनडात जरा बस्तान बसलं की आई-बाबांना बोलावून घ्यायची ओढ लागते. त्यांच्या व्हिजिटर व्हिसाला नकार आला तर पत्रात बहुतेक वेळा एवढंच असतं, की मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची खात्री पटली नाही. मग घाईघाईनं त्याच कागदांना आणखी दोन कागद जोडून पुन्हा अर्ज केला जातो. कळकळीनं सांगतो, असं करू नका.

अधिकाऱ्याला नेमकं काय खटकलं, हे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या जीसीएमएस या संगणक प्रणालीतल्या नोंदींत असतं. उदाहरणार्थ, अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम जमा झाली, पण ती कुठून आली याचा पुरावा नाही. अशा वेळी निमंत्रणपत्र कितीही सुंदर लिहा, उपयोग शून्य. पत्रासोबत नोंदी आल्या नसतील तर कॅनडाच्या माहिती अधिकाराखाली मागवा. शुल्क ५ डॉलर. आई-बाबांची लेखी संमती जोडली की इथून तुम्हालाच अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची, पण ती वाढूही शकते.

यात अधिकाऱ्यावर कसला भार टाकतोय असं वाटून घेऊ नका. मेव्हिस बेकर ही जमैकाहून आलेली, घरकाम करणारी बाई. मानवतेच्या आधारावर इथं राहू द्या, हा तिचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा पत्रात कारणच नव्हतं. वकिलानं मागितल्यावर अधिकाऱ्याची टिपणं हाती आली. त्यांतून पूर्वग्रह इतका दिसत होता, की १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. टिपणं मागितलीच नसती तर?

व्हिजिटर व्हिसाला पानभर कारणमीमांसा लागत नाही, चार ओळीही चालतात. पण निर्णय कसा झाला हे त्यांतून कळायला हवं, आणि मागाहून कोर्टात अधिकाऱ्याला नवी कारणं जोडता येत नाहीत.

नकाराविरुद्ध कॅनडाच्या फेडरल कोर्टात जायचं असेल तर देशाबाहेरच्या अर्जाला ६० दिवस मिळतात, कॅनडातल्या अर्जाला फक्त १५, तेही निर्णय कळल्यापासून. नोंदींची वाट बघत ही मुदत घालवू नका, त्याच आठवड्यात वकिलाला गाठा. कारणं मिळालेली नसली तरी कोर्टात अर्ज करता येतो, मग कोर्टच ती मागवून घेतं.