पुण्यात एएची मिटिंग कशी शोधावी आणि तिथे कसं टिकावं

श्रावण पाळला, महिनाभर थेंब घेतला नाही, म्हणजे दारू आपल्या ताब्यात आहे, असं आमच्या वर्कशॉपमध्ये बरेच जण छातीठोकपणे सांगतात. कुणी माळ घालतं, कुणी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतं. शपथ घेणारा त्या वेळी मनापासूनच बोलतो. पण पुढच्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी तो एकटा असतो. मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. गेली काही वर्षं दारूविना आहे, ते एएच्या मिटिंगमुळे. ज्याला पहिल्यांदा जायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना धरून ठेवायची संघटना. 1935 साली अमेरिकेतल्या अक्रन गावात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन भेटले. दोघंही दारूने पोखरलेले. एकमेकांशी बोलत राहिलं की प्यायची वेळ टळते, हे त्यांच्या लक्षात आलं. आजही मिटिंगमध्ये तेवढंच चालतं. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

मिटिंग शोधायला मोबाइलवर ‘एए जीएसओ इंडिया’ असं टाका, जीएसओ म्हणजे एएचं मुख्य ऑफिस. तिथे मिळालेल्या नंबरवर फोन जरूर करा, कारण जागा आणि वेळा बदलतात आणि यादी मागे राहते. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला असतो, त्यामुळे आडून बोलायची गरज नाही. विचारायचं ते नेमकं विचारा: मिटिंग मराठीत आहे की हिंदी-इंग्रजीत, ओपन आहे की क्लोज्ड, कुठल्या गेटने आत यायचं, कितव्या मजल्यावर. ओपन मिटिंगला बायको किंवा भाऊ सोबत येऊ शकतो, क्लोज्ड फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय त्याच्यासाठी. जागा म्हणजे शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल असू शकतो. चर्च पाहून बिचकू नका, जागा तेवढी त्यांची असते. बोर्ड दिसला नाही तर वॉचमनला ‘एएची मिटिंग’ म्हणून विचारा.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती सगळ्यांनाच असते. मग आपल्या भागातली मिटिंग सोडून लांबची धरा. पिंपरीच्या माणसाला मेट्रोने थेट स्वारगेटपर्यंत जाता येतं. तिथे कोण कुणाला ओळखतंय! आणि क्लोज्ड मिटिंगमध्ये शेजारच्या सोसायटीतला भेटलाच, तर तोही तुमच्याच कारणासाठी आलेला आहे. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, ही रीत लोक मनापासून पाळतात.

एक गोष्ट मात्र जिवाशी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने मिटिंगच्या जोशात एकदम बंद केली तर शरीर उलटतं. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, माणसं न ओळखणं, ताप, हे सुरू झालं तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी 108 ला फोन करा. त्याहून चांगलं म्हणजे आधीच डॉक्टरकडे जा आणि किती पिता ते खरं सांगा. येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 वरही विचारता येतं. औषध आणि मिटिंग यांचं भांडण नाही, दोन्ही लागतात.

मिटिंगला दहा मिनिटं आधी पोहोचा. उशीर झाला की दार बंद दिसतं आणि मन लगेच म्हणतं, चला परत. सिक्रेटरीला ‘पहिल्यांदा आलोय’ एवढं सांगा, बाकी तो बघतो. चेअरपर्सन सुरुवात करतो, मग एकेक जण आपलं नाव आणि ‘मी अल्कोहोलिक’ एवढं सांगून बोलतो. ह्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी टोकत नाही, उपदेश करत नाही. तुम्ही नुसतं ऐकलंत तरी चालतं. त्या दिवशी प्यायलेले असाल तर गप्प बसून ऐका, पण बसा. वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. संस्थेबाहेरच्या कुणाचे पैसे एए घेत नाही, म्हणून खर्च सभासदच भागवतात. प्रार्थना होते. देव न मानणारे माझ्या ओळखीचे कितीतरी जण तिथे टिकलेत.

पहिल्या मिटिंगवरून मत बनवू नका. एखाद्या ग्रुपमध्ये सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे, एखाद्यात इंग्रजीच जास्त. दोन-चार ग्रुप बघा, जिथे ऐकताना ‘हे तर माझंच’ वाटेल तो धरा. सेकंड शिफ्टचा आठवडा असला की संध्याकाळची मिटिंग हुकते. त्यासाठी सकाळची किंवा ऑनलाइन मिटिंग आधीच हेरून ठेवा.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अशाच मिटिंगा असतात, त्याला अल-ॲनॉन म्हणतात, 1951 पासूनचं. बायकोला तिथे पाठवा असं मी हात जोडून सांगतो. तुम्ही गेलात-न गेलात तरी तिने जावं.

मिटिंग संपली की लगेच चप्पल घालून पळू नका. चहा घ्या आणि किमान दोघांचे नंबर घ्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला उगाचच फोन करा, म्हणजे गळ्याशी आल्यावर फोन करताना जड जाणार नाही. फोन प्यायच्या आधी करायचा. पुढे त्यांच्यातलाच कुणी स्पॉन्सर होतो, म्हणजे नव्याला हाताशी धरून वाट दाखवणारा जुना सभासद. गटारी, विसर्जनाची मिरवणूक, 31 डिसेंबर, दिवाळीचा बोनस: या दिवसांची मिटिंग आठवडाभर आधी ठरवा, आणि ज्याच्यासोबत जायचं त्याला वेळ देऊन ठेवा.