परदेशातील मिशनसेवा संपवून लहान मुलांसह परतताना या चुका टाळा

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहराजवळ सात वर्षे सेवा करून आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावी परतलो, तेव्हा मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा होता. मुलगी तिकडे गेली तेव्हा जेमतेम चालायला लागली होती आणि मुलाचा तर जन्मच तिकडचा. आम्ही पती-पत्नी आपल्या गावी परत येत होतो आणि मुले आयुष्यात पहिल्यांदा आपले गाव सोडत होती, हे आमच्या नीट ध्यानात यायला सहा महिने गेले. त्या काळात आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एकाच गोष्टीत होते. परदेशातील सेवा संपवून परतण्याच्या तयारीत असलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना त्या टाळता याव्यात, म्हणून हे लिहीत आहे.

महाराष्ट्राने हाच प्रकार उलट्या दिशेने पूर्वी पाहिलेला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगरला १८३१ साली सुरू झाले. त्या काळातील मिशनऱ्यांची मुले बंगल्याच्या आवारात मराठी ऐकत वाढत आणि शिकण्याच्या वयाची झाली की अनेकांना ‘घरी’ पाठवले जाई, म्हणजे अशा देशात, ज्याची त्यांना आठवणही नसे. कोडाईकनाल येथे १९०१ साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्यावर काही कुटुंबांना मुले भारतातच ठेवता आली. पुढे १९५० च्या दशकात रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ भारतात राहणाऱ्या अमेरिकन लोकांचा अभ्यास करण्यासाठी येथे आल्या आणि परक्या देशात वाढणाऱ्या मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा त्यांच्यामुळे रूढ झाली. आता तशी मुले आपल्या मंडळ्यांतही आहेत, पण त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याला अजून झालेली नाही.

निरोप उरकून टाकणे

पूर्वी बोटीच्या प्रवासाला कित्येक आठवडे लागत आणि तेवढ्या अवधीत मागचे मनातून सुटत जाई. आता नैरोबीहून मुंबईला विमान साधारण सहा तासांत येते. त्यामुळे निरोपाचे सगळे काम निघण्यापूर्वीच करावे लागते आणि नेमके तेच आम्ही सामान बांधण्याच्या धांदलीत उरकून टाकले. मुलाची सायकल आणि मुलीने पाळलेल्या कोंबड्या ती दोघे शाळेत असताना शेजाऱ्यांना देऊन टाकल्या, कारण समोर दिल्या तर रडतील असे वाटले. ती दोघे संध्याकाळी रडलीच, शिवाय पुढे कितीतरी दिवस शाळेतून आल्यावर आपल्या वस्तू जागेवर आहेत की नाहीत हे पाहत राहिली.

अशा मुलांबरोबर अनेक वर्षे काम केलेले डेव्हिड पोलॉक यांनी निघताना करायच्या चार गोष्टी तराफ्याच्या चार ओंडक्यांच्या रूपात मांडल्या आहेत: कोणाशी बिघडले असेल तर मिटवणे, ज्यांनी प्रेम दिले त्यांचे आभार मानणे, माणसांचा आणि जागांचा निरोप घेणे आणि पुढच्या ठिकाणाचा विचार करणे. आम्ही केवळ चौथी गोष्ट केली. निघण्याच्या दोन महिने आधीपासून मुलांना एकेका ठिकाणी मुद्दाम घेऊन जावे. वर्ग, शांबा म्हणजे शेताचा तुकडा, भाजीवालीचे दुकान, उपासनेचे मंदिर, जिथे जिथे त्यांचा जीव रमला ती जागा त्यांना डोळे भरून पाहू द्यावी. आपली वस्तू कोणाला द्यायची हे मुलाने स्वतः ठरवावे आणि स्वतःच्या हाताने द्यावी. प्रत्येकाला एक लहान पेटी द्यावी आणि तीत काय ठेवायचे याबाबत आईवडिलांनी एक शब्दही बोलू नये. माझ्या मुलाच्या पेटीत तीन दगड आणि बाटलीची झाकणे होती. ती मी विमानतळावर वजनासाठी काढून टाकली, याचे मला अजून वाईट वाटते.

‘आपण आता घरी चाललो’ हे वाक्यही जपून वापरावे. ‘आईबाबा जिथे वाढले, आजी-आजोबा जिथे आहेत, तिथे आपण राहायला चाललो आहोत’ असे म्हटले तर ते मुलांच्या दृष्टीनेही खरे असते.

शाळेचा विचार तिकिटानंतर करणे

केनियातील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होऊन वर्षाखेरीस संपते, तर महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात. आमचा सेवाकाळ डिसेंबरात संपला म्हणून आम्ही डिसेंबरात परतलो आणि मुलगी दुसरी पूर्ण करून येथील शालेय वर्षाच्या मधोमध येऊन पडली. एका शाळेने मराठी वाचता येत नाही या कारणावरून तिला पहिलीत बसवण्याचा आग्रह धरला. आम्हीही थकलेले होतो, म्हणून हो म्हटले. गणितात आणि इंग्रजीत वर्गाच्या पुढे असलेली मुलगी आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर बसली आणि हळूहळू बोलेनाशी झाली.

शिक्षणहक्क कायदा, २००९ या बाबतीत पालकांच्या बाजूने आहे, परंतु तो वाचलेला असावा लागतो. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे कलम ४ सांगते. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, वयाचा पुरावा नसला किंवा वर्षाच्या मध्येच प्रवेश मागितला, तरी तो नाकारता येत नाही. मात्र येथे एक खाचखळगा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, आणि आपली कुटुंबे सहसा आधी मिशन शाळेचेच दार ठोठावतात. म्हणून तेथील मुख्याध्यापकांशी निघण्याच्या निदान सहा महिने आधी बोलावे, मुलाच्या वह्या दाखवाव्यात आणि वर्गाचा निर्णय लेखी घ्यावा. शक्य असेल तर सेवाकाळ एप्रिल-मेपर्यंत वाढवून घेण्याची विनंती मिशनला आधीच करावी. मुलांच्या शाळेचे कारण पुढे करायला आम्हाला संकोच वाटला होता. तो वाटायला नको होता.

मराठी वाचनाची तयारी तिकडेच व्हायला हवी. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे, त्यामुळे इंग्रजी माध्यम निवडले तरी तो चुकत नाही. घरी मराठी बोलणारे मूल मराठी वाचू शकेलच, हा आमचा समज खोटा ठरला. बोलणे पक्के असलेली आमची मुलगी जोडाक्षरांपाशी थांबे, ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील च सारखाच लिहितात हे तिला पटत नसे, आणि एकवीस ते नव्याण्णव या अंकांची नावे म्हणजे तिला निव्वळ कोडे वाटे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. त्यात कोणाचे बरोबर हे बाजूला ठेवले, तरी एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मूल खरोखर अडकते, हे मी रोज संध्याकाळी पाहिले आहे. परतण्याच्या वर्षभर आधीपासून रोज अर्धा तास बालभारतीचे पहिलीचे पुस्तक घेऊन बसले, तर हा त्रास बराच कमी होतो.

कागदपत्रे आणि पैसे

भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत तेथील भारतीय दूतावासात किंवा उच्चायुक्तालयात करावी लागते, त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. ती जन्मनोंद राहून गेली असेल आणि कुटुंब कायमचे राहायला येत असेल, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम २० प्रमाणे मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांत ती येथे करता येते. हे साठ दिवस पाहुण्यांच्या गर्दीत सहज निघून जातात. शाळेचे दाखले आणि प्रगतिपुस्तके शिक्क्यानिशी घ्यावीत आणि त्यांचे साक्षांकन कसे करायचे ते निघण्याआधीच विचारून घ्यावे, कारण एका सहीसाठी पुन्हा नैरोबीला जाणे कोणालाही परवडणारे नाही.

कायमचे परतल्यावर अनिवासी बँकखाती निवासी म्हणून बदलून घ्यावी लागतात. प्राप्तिकराच्या दृष्टीने काही काळ ‘निवासी, पण सर्वसाधारण निवासी नाही’ असा दर्जा मिळू शकतो. पहिल्याच वर्षी सनदी लेखापालाला पासपोर्टवरील येण्या-जाण्याच्या तारखा दाखवून हे ठरवून घ्यावे.

तापाला ‘हवाबदल’ समजणे

केनियातून येताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होते आणि आता ते आयुष्यभर चालते, पण ते जवळ नसेल तर विमानतळावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मुलांचे लसीकरणाचे कार्ड बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच आठवड्यात दाखवावे. पश्चिम केनियात २०१९ पासून बालकांना हिवतापाची लस दिली जाते, तिची नोंद पाहून येथील डॉक्टर प्रश्न विचारतील.

परतल्यानंतरच्या काही महिन्यांत मुलाला ताप आला, तर ‘आम्ही आफ्रिकेतून आलो आहोत’ हे वाक्य डॉक्टरांपुढे सर्वांत आधी उच्चारावे आणि त्याच दिवशी हिवतापासाठी रक्ततपासणी मागावी. तेथील फाल्सिपेरम जातीचा हिवताप लहान मुलात फार झपाट्याने वाढतो. आम्ही दोन दिवस आल्याचा काढा दिला. सुदैवाने तो साधा ताप निघाला, पण सुदैवावर विसंबण्याची ही जागा नव्हे. सरोवरात किंवा ओढ्यात खेळलेल्या मुलांच्या बाबतीत बिल्हार्झियाचाही उल्लेख करावा. गोड्या पाण्यातील गोगलगायींमार्फत पसरणारा हा जंताचा रोग भारतात जवळजवळ आढळत नसल्याने, आपण सांगितल्याशिवाय तो डॉक्टरांच्या मनात येणे कठीण असते. पोटदुखी, शौचातून किंवा लघवीतून रक्त, अशक्तपणा ही त्याची लक्षणे असून प्राझिक्वांटेल या औषधाने तो बरा होतो.

मुलांना मंडळीपुढे उभे करणे

सर्वांत मोठी चूक मी शेवटी सांगत आहे, कारण ती करताना आम्हाला ती सेवाच वाटत होती. ज्या मंडळ्यांनी सात वर्षे प्रार्थना केली, दानपेटीतून पैसे पाठवले, त्यांना जाऊन भेटणे हे आमचे कर्तव्य होते आणि ते आम्ही आनंदाने केले. पहिल्या चार महिन्यांतील जवळजवळ प्रत्येक रविवार वेगळ्या गावी गेला. प्रत्येक ठिकाणी उपासनेनंतर कोणीतरी प्रेमाने म्हणे, ‘बाळा, जरा स्वाहिलीत गाऊन दाखव.’ मुलगा गात असे, लोक टाळ्या वाजवत, आणि मग बाहेर अंगणात त्याच वयाची मुले त्याचे उच्चार काढून हसत. पाचव्या-सहाव्या रविवारी तो बाकाखाली जाऊन बसला आणि बाहेर येईना. आपली मैत्रिणींशी बोलायची भाषा ही लोकांना दाखवायची वस्तू झाली आहे, हे त्याला शब्दांत सांगता आले नाही, पण कळले होते.

त्यानंतर आम्ही जे केले ते पहिल्या दिवसापासून करायला हवे होते. महिन्यातील तीन रविवार एकाच मंडळीत, एकाच रविवारच्या शाळेत. चौथ्या रविवारी आमच्यापैकी एकानेच अहवाल द्यायला जायचे आणि दुसऱ्याने मुलांजवळ राहायचे. पाळकसाहेबांना आधीच नम्रपणे कळवायचे की मुलांना पुढे बोलावू नये. एकाही पाळकांनी याचे वाईट वाटून घेतले नाही. मिशनच्या कार्यालयात परतीची विचारपूस होते, तेव्हाही मुलांशी कोणीतरी स्वतंत्रपणे, जमिनीवर बसून बोलावे अशी मागणी करावी. पती-पत्नींचे तीन तास ऐकून घेतले जाते आणि मुलांना बिस्किटाचा पुडा देऊन बाहेर बसवले जाते, ही पद्धत बदलायला हवी.

नातेवाइकांच्या बाबतीतही थोडी पूर्वसूचना उपयोगी पडते. केनियात लहान-मोठे सगळेच हात मिळवून अभिवादन करतात. आमच्या मुलाने आत्याला तसाच हात पुढे केला, तेव्हा ‘पाया पड’ आणि ‘सलाम कर’ असे दोन हुकूम एकाच वेळी दोन बाजूंनी आले. आजीला मी नंतर समजावले की त्याच्या दृष्टीने त्याने मोठा मान दिला आहे. त्या दिवसापासून ती स्वतःच हात पुढे करू लागली.

बिघडले आहे असे दिसले तर

सुरुवातीचा हट्ट, रडणे, भाताकडे पाहून उगाली मागणे हे स्वाभाविक आहे. मक्याच्या पिठाची उगाली घरी करून द्यावी, तिला भाकरीचा पर्याय सांगत बसू नये. परंतु सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, शाळेच्या वेळी रोज पोट दुखू लागले, मूल खेळायचे किंवा बोलायचे थांबले आणि असे काही आठवडे चालले, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. प्रार्थना आणि उपचार यांत निवड करण्याची वेळच येत नाही, दोन्ही एकाच वेळी करता येतात. मुलीला आम्ही जूनमध्ये दुसऱ्या शाळेत तिच्या वयाच्या वर्गात घातले. बोलणे परत यायला दिवाळी उजाडली.

मागच्या मित्रांशी संबंध तोडला तर मूल लवकर रुळेल, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला आणि काही काळ आम्ही तो मानलाही. आता दर शनिवारी सायंकाळी साडेसहा वाजता फोन लावतो. किसुमूमध्ये तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात, मैत्रीण शांब्यातून घरी आलेली असते आणि कोंबड्यांनी किती अंडी दिली याचा हिशेब ती आधी सांगते.