सॉफ्टवेअर सालानं ठेवायचं कसं

शेतकरी उत्पादक कंपनीच्या मीटिंगमधला सॉफ्टवेअरचा ठराव बहुधा एकाच साच्याचा असतो: खरेदीचं सॉफ्टवेअर, एकरकमी अमुक रुपये, दिवाळीच्या आत चालू करून देणे. विहिरीचा ठेका देतात तसा. विहिरीला पाणी लागलं की ठेकेदार मोकळा. इथं मात्र सोयाबीन-कापसाचे दोन महिने बरे जातात, जानेवारीत तूर येते आणि कळतं की तुरीच्या पोत्याचा बारदाना वेगळा धरायची सोय कुणी मागितलीच नव्हती. तोवर सॉफ्टवेअर बनवणारं पोट्टं पुण्याला नोकरीला लागलेलं असतं.

या कामाला ठेकेदाराऐवजी सालदार लागतो. पाडव्याला साल ठरतं, मग हंगामाप्रमाणे काम बदलत जातं. डवरणी झाली म्हणून सालदार घरी जात नाही. तालुक्याच्या गावी बसून एखाद्या कंपनीचं, जिनिंगचं किंवा पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी आणि त्यांना पैसे मोजणाऱ्या संचालकांसाठी हे लिहिलं आहे.

ठराव लिहिताना

पैसे दोन भागांत ठेवा. पहिल्या चालू होणाऱ्या भागासाठी साधारण ४० टक्के, उरलेले बारा महिन्यांत वाटून. महिन्याच्या रकमेत तास लिहा: ऑक्टोबर ते मार्च आठवड्याला १० तास, एरवी ५. तास लिहिले नाहीत तर प्रत्येक दुरुस्तीवर घासाघीस होते, आणि घासाघीस नको म्हणून काउंटरवरचा माणूस चूक सांगायचंच सोडून देतो. हे नुकसान हिशेबात कुठंच दिसत नाही.

डोमेन (वेबसाइटचा पत्ता), सर्व्हरचं खातं आणि कोड ठेवायची जागा, तिन्ही कंपनीच्या ईमेलवर घ्या. डोमेन बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ईमेलवर असलं की नूतनीकरणाची सूचना त्याला जाते, आणि तो दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या कामाला लागलेला असतो. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवा, संचालक मंडळ बदललं की पासवर्डही बदला.

पहिला भाग लहान ठेवा: एक पीक, एक खरेदी केंद्र, एक पावती. वजन, बारदाना, कपात, निव्वळ रक्कम, प्रिंट. रंगीत आलेख नंतर. पंधरा दिवस कागदी पावती पुस्तकही सोबत चालवा आणि रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा ताडून पाहा. एका रुपयाचाही फरक आला तर तो त्याच दिवशी शोधा. आठवड्यानं शोधायला गेलं तर सापडत नाही.

नियम तक्त्यात, कोडमध्ये नाही

शेतमाल खरेदीतले आकडे दरसाल हलतात आणि कधी ऐन हंगामात हलतात. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलमागे ४८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५३२८ झाला. ओलाव्याची मर्यादा १२ टक्के, पण २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं त्या हंगामापुरती ती १५ वर नेली, तीही खरेदी सुरू झाल्यानंतर. ज्यांच्या कोडमध्ये ‘१२’ हा आकडा पाच ठिकाणी लिहिलेला होता, त्यांना पाचही जागा शोधाव्या लागतात आणि एक राहून जातेच.

म्हणून डेटाबेसमध्ये नियमांचा वेगळा तक्ता करा. चार कॉलम पुरतात: पीक, नियमाचं नाव, आकडा, कधीपासून लागू. पावतीच्या तारखेला किंवा त्याआधी लागू झालेली सगळ्यात अलीकडची ओळ म्हणजे चालू नियम. जुनी ओळ कधीही खोडू किंवा बदलू नका, नवी घाला. आणि पावती बनली की निघालेली रक्कम पावतीतच साठवा. प्रिंट काढताना पुन्हा गणित केलं, तर कुणी जुन्या पावतीची नक्कल मागितल्यावर नव्या नियमाची रक्कम छापून येते आणि काउंटरवर भांडण लागतं.

याला जोडूनच टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअरचं उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारा छोटा कोड. मुनीमजींनी हातानं केलेल्या ३० खऱ्या पावत्या घ्या, नावं काढून टाका, आणि त्यांचे आकडे टेस्टमध्ये घाला. पावत्या निवडताना काठावरच्या घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत कापसाला ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर ओलाव्याच्या प्रमाणात कपात आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. तेव्हा टेस्टमध्ये ८.०, ८.१, १२.०, १२.१ आणि ओलावा भरायचा राहून गेलेली पावती, हे पाच तरी हवेतच. चुका नेमक्या ‘पेक्षा जास्त’ आणि ‘इतका किंवा जास्त’ यांच्या फटीत असतात. पुढं जेव्हा चूक सापडेल तेव्हा आधी त्या चुकीची टेस्ट लिहा, ती नापास होताना पाहा, मग दुरुस्त करा.

चालत्या गाडीचं चाक बदलणं

हंगाम सुरू असताना डेटाबेसचा ढाचा बदलावा लागतो, तिथं सगळ्यात जास्त नुकसान होतं. नेहमीचं उदाहरण घेऊ. वजन क्विंटलमध्ये, दशांश चिन्हासह, फ्लोट प्रकारच्या (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या) कॉलममध्ये ठेवलेलं आहे. संगणकाला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगितलं तर ०.३०००००००००००००००४ येतात, हजारो पावत्यांत रक्कम पूर्ण पैशांवर आणताना हा कचरा कधी कधी पैशाचा फरक पाडतो. उपाय म्हणजे वजन ग्रॅममध्ये पूर्णांकात आणि रक्कम पैशांत पूर्णांकात. १२ क्विंटल ३५ किलो म्हणजे १२३५००० ग्रॅम. एका पावतीला साधा इंटिजर (पूर्णांकाचा कॉलम) पुरतो, कारण त्यात २१ हजार क्विंटलच्या वर मावतं; हंगामाची बेरीज साठवायची तर बिगइंट (मोठ्या पूर्णांकाचा कॉलम) घ्या.

घाईत लोक जुन्याच कॉलममध्ये ग्रॅम भरू लागतात. मग आडगावच्या केंद्रावरचा फोन, ज्यावर ॲप तीन आठवडे अपडेट झालेलं नाही, तो जुन्या सवयीनं १२.३५ पाठवतो आणि सर्व्हर ते १२ ग्रॅम समजतो. कॉलमचं नाव तेच ठेवून अर्थ बदलायचा नाही, हा इथला पक्का नियम. टप्पे असे:

१. ‘वजन ग्रॅम’ हा नवा, रिकामा चालेल असा कॉलम जोडा. याच दिवशी रिलीज करा, म्हणजे नवी आवृत्ती चढवा, बाकी काही करू नका.
२. पुढच्या रिलीजपासून सर्व्हरनं दोन्ही कॉलम भरावेत. जुन्या ॲपकडून क्विंटल आले तर सर्व्हरच ग्रॅम काढेल.
३. जुन्या पावत्यांचे ग्रॅम ५००-५०० ओळींनी भरा. लाखभर ओळी एका दमात भरल्या तर त्या कुलूपबंद होतात आणि काउंटर अडकतं.
४. दोन्ही कॉलमच्या बेरजा केंद्रवार, दिवसवार जुळवा. किमान एक आठवडा.
५. आता वाचन नव्या कॉलममधून करा.
६. जुना कॉलम हंगाम संपल्यावर, सगळे फोन नव्या ॲपवर आल्याची खात्री करूनच काढा.

सहा टप्पे लागतात, पण एकाही टप्प्यावर खरेदी थांबत नाही. शिवाय पाचव्या टप्प्यापर्यंत कधीही मागची आवृत्ती परत चढवता येते, कारण जुना कॉलम भरलेलाच असतो. परत चढवायला पाच मिनिटांच्या वर लागत असतील, तर आधी ते सुधारा.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्येही हाच हिशेब. वेगळी ब्रँच (मुख्य कोडपासून बाजूला काढलेली प्रत) दोन दिवसांच्या वर जगू देऊ नका. महिनाभर बाजूला वाढवलेलं काम मुख्य कोडमध्ये मिसळताना दोन्हीकडचे बदल एकमेकांत गुंततात. काम अपुरं असेल तर ते बंद बटणामागं ठेवून मिसळा आणि एका केंद्रापुरतं सुरू करून पाहा.

रिलीज कधी करायचं? आठवडी बाजाराच्या दिवशी नाही, संध्याकाळी तर नाहीच. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एका केंद्रावर चढवा, संध्याकाळचा हिशेब बंद होईपर्यंत फोनजवळ राहा, दुसऱ्या दिवशी बाकीच्या केंद्रांवर. हंगामात आठवड्याला एक-दोन लहान रिलीज बरे. तीन महिन्यांचं साठवून एकदम चढवलं तर बिघाड कुठल्या बदलानं आला ते कळत नाही.

वीज, नेटवर्क आणि घड्याळ

नेट गेलं तरी पावती निघाली पाहिजे. पावतीची अंतर्गत ओळख फोनवरच तयार करा, यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा लांब क्रमांक) वापरून, आणि सर्व्हरला सांगा की तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर नवी नोंद करू नये. हे नसलं की नेट अडखळल्यावर माणूस ‘सेव्ह’ तीनदा दाबतो आणि एकाच गाडीचे तीन चुकारे तयार होतात. छापील क्रमांकाला केंद्राचं अक्षर जोडा, म्हणजे दोन केंद्रांचे आकडे आपसांत भिडत नाहीत.

सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर असलं, तर त्याचा दिवस आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला बदलतो. जिनिंगवर पहाटे चारला रिकामी झालेली कापसाची गाडी मग कालच्या हिशेबात जाते. वेळ जागतिकच साठवा, पण दिवसाची बेरीज ‘आशिया/कोलकाता’ वेळेनं करा.

नावांची भानगड

सभासदांची जुनी यादी बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असते. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेली यादी माणसाकडून वाचून घ्या. युनिकोडमध्येही ‘कुऱ्हाडे’मधला ऱ दोन तऱ्हांनी साठतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि नुक्ता मिळून. डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं, त्यामुळं शोधल्यावर माणूस सापडत नाही आणि त्याची दुसरी नोंदणी होते. साठवण्याआधी एनएफसी रूप (अशी अक्षरं एकाच तऱ्हेनं लिहिणारं युनिकोडचं ठरलेलं रूप) केलं की हे जुळतं. पण ‘ॲड.’मधला ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ हे एनएफसीनंही एक होत नाहीत. ती अदलाबदल स्वतः लिहावी लागते. हे सगळं शोधासाठीच्या वेगळ्या कॉलममध्ये करा. मूळ नाव सातबारा आणि बँक पासबुकाप्रमाणेच राहू द्या.

बॅकअप उतरवून पाहा

रोज रात्री दोनला पूर्ण बॅकअप, तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर. हे बहुतेकांना माहीत असतं. चुकतं ते पुढं: डिस्क भरते, बॅकअपची फाइल शून्य बाइटची बनत राहते आणि कुणी पाहत नाही. फाइलचा आकार कालच्यापेक्षा कमी झाला तर मेसेज यावा, अशी सोय करा. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा, पावत्यांची संख्या आणि शेवटचा पावती क्रमांक ताडा, किती मिनिटं लागली ते वहीत लिहा.

पावसाळ्याची कामं

जून ते सप्टेंबर खरेदी थंड असते; मोठी साफसफाई तेव्हाच. सर्व्हर ज्यावर चालतो त्या उबंटू प्रणालीची दीर्घकाळ चालणारी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीलाही पाच वर्षंच. पोस्टग्रेसची नवी आवृत्ती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, म्हणजे नेमकी सोयाबीनच्या तोंडावर. तिच्या मागं लागू नका, पुढच्या जूनमध्ये चढवा. सुरक्षित वेबसाइटसाठीचं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र सध्या ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हा प्रोग्राम ते ३० दिवस उरले की आपोआप बदलतो. ६५ व्या दिवशीही जुनीच तारीख दिसली तर नूतनीकरण अडलं आहे. बहुधा सर्व्हरचं ८० क्रमांकाचं पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) बंद असतं.

काउंटरवरची वही

चुकांसाठी महागडं ॲप नको, काउंटरवर शंभर पानी वही ठेवा. तारीख, पावती क्रमांक, काय झालं, तेही काउंटरवरच्या माणसाच्याच शब्दांत. ‘काटा दाबला का पावती गायब होते’ यातून जे कळतं ते ‘सिस्टीम एरर’मधून कळत नाही. सोमवारी वही वाचा, तीन नोंदी निवडा, शुक्रवारपर्यंत त्या तीनच करा आणि वहीत समोर तारीख टाका. ती तारीख दिसली तरच लोक पुढची नोंद लिहितात.

आणि महिन्यातलं एक रिलीज दुसऱ्या माणसाकडून करून घ्या: गावातल्या आयटीआयचा किंवा बीसीएचा विद्यार्थी चालेल. त्याला फक्त लिहिलेल्या पायऱ्या द्या, तोंडी काही सांगू नका. तो जिथं अडेल ती पायरी लिहायची राहिली आहे. तिथंच थांबून ती लिहा, मग पुढं जाऊ द्या.