डेडलिफ्ट आणि स्क्वॉट सुरू करायचंय? बायकांसाठी, अगदी शून्यापासून

घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, १४.२ किलो गॅस आणि बाकी लोखंड, आणि तो आपण कित्येकदा एकट्यानेच सरकवतो, तिरका करून फिरवतो, तेव्हा कुणी थांबवत नाही. जिममधला मोठा बार, म्हणजे टोकांना वजनाच्या प्लेट्स लावायची ती लांब लोखंडी दांडी, रिकामा २० किलोचा असतो. मला मात्र माझ्या पहिल्या जिममध्ये सहा महिने ट्रेडमिल आणि दोन किलोचे डंबेल्स यापलीकडे काही दिलंच नाही, मॅडम तुमची कंबर धरेल म्हणाले, आणि त्या फुकट गेलेल्या महिन्यांचं मला अजूनही वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहितेय. स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन खाली बसून परत उठणं, आणि डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं.

बॉडी मर्दानी होईल ही भीती आधी काढून टाका. आपल्यात टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा खूपच कमी असतं, चुकून तसे स्नायू येत नाहीत. मीराबाई चानूने टोकियोला ४९ किलो वजनगटात ११५ किलो डोक्यावर उचलून सिल्व्हर आणलं, तिची शरीरयष्टी बघा. आणि चाळिशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर आपली हाडं झपाट्याने विरळ होतात, त्यावर वजन उचलणं हा चांगला उपाय आहे.

आता मुद्द्याचं. दोन्ही व्यायामांच्या मुळाशी दोनच हालचाली आहेत, खाली बसणं आणि खुब्यातून वाकणं. बसणं आपल्याला येतं, उकिडवं बसून भाजी निवडलेली असते. खुब्यातून वाकणं मात्र शिकावं लागतं कारण आपल्याला पाठ गोल करून वाकायची सवय आहे. दोन्ही हातांत सामान असताना कपाटाचं दार मागे हिप्सने ढकलून लावतो ना, तसं हिप्स मागे न्यायचे, गुडघे किंचित सैल. घरी मॉपचा दांडा पाठीला उभा धरून करून बघा, डोकं, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड हे तिन्ही दांड्याला टेकलेले राहिले पाहिजेत, एक जरी सुटलं तर पाठ वाकली समजायचं. मी हे आठवडाभर रोज किचनमध्ये कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करत होते आणि खरं सांगते, डेडलिफ्टचं निम्मं काम तिथेच झालं.

दुसरी गोष्ट श्वास. उचलायच्या आधी श्वास पोटात भरायचा, छातीत नाही, आणि पोट चहूबाजूंनी असं कडक करायचं की जणू लहान पोर पळत येऊन पोटावर धडकणार आहे. वर आलं की सोडायचा. पोट आत ओढून धरायचं नाही, ही चूक आपण बायका हमखास करतो. बाळंतपण होऊन फार दिवस झाले नसतील, बीपी असेल, किंवा खोकताना-उचलताना लघवी निसटत असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्यावर उपचार आहेत.

स्क्वॉट लगेच बारने करू नका. ६-८ किलोचा एक डंबेल छातीशी उभा धरा, मागे बाक किंवा खुर्ची ठेवा, पाय खांद्याएवढे, चवडे थोडे बाहेर, आणि बाकाला हलकं टेकून परत उठा. गुडघे चवड्यांच्या दिशेनेच जायला हवेत, आत पडायला लागले तर वजन कमी करा. गुडघा चवड्याच्या पुढे गेला की वाईट असं खूप जण सांगतात, पण टाच जमिनीवर असेल तर तो थोडा पुढे गेलेला चालतो. टाचा उचलल्या जात असतील तर खाली छोट्या प्लेट्स ठेवा, हळूहळू घोटे मोकळे होतात. ३ सेट ८ वेळा, म्हणजे सलग ८ वेळा करून थोडं थांबायचं, असं तीनदा, हे सहज जमायला लागलं की मग रिकामा बार. तो मानेच्या हाडावर नाही, त्याच्या खाली पाठीच्या वरच्या मांसल भागावर ठेवायचा. रॅकचे, म्हणजे बार ठेवायच्या उभ्या सांगाड्याचे, आडवे सेफ्टी बार तुमच्या सगळ्यात खालच्या पोझिशनच्या जरा खाली लावा, मग उठता नाही आलं तरी बार त्यावर सोडून बाहेर येता येतं. हे मी पहिल्याच दिवशी रिकाम्या बारने मुद्दाम करून बघितलं आणि भीती गेली.

डेडलिफ्टमध्ये एक अडचण येते जी कुणी सांगत नाही. मोठ्या प्लेट्सचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार बरोबर नडगीच्या मध्यापर्यंत येतो, पण आपण सुरुवातीला लावतो ५ किलोच्या छोट्या प्लेट्स, मग बार फार खाली राहतो आणि पाठ गोल होते. अशा वेळी दोन्ही बाजूंना खाली स्टेपर किंवा जाड प्लेट्स ठेवून बार उंच करून घ्या, ट्रेनर काही म्हणाला तरी. आता बारजवळ असं उभं राहा की तो बुटाच्या लेसवर दिसेल, नडगीपासून दोन बोटं लांब. हिप्स मागे नेत वाका, पायांच्या बाहेरून बार धरा, नडगी बारला टेकेपर्यंत गुडघे वाकवा, छाती पुढे काढा, हात ताठ. आधी बारमधली ढील काढा, हलकासा कट्ट आवाज येतो, मग हाताने ओढायचं नाही, पायांनी जमीन खाली ढकलायची. बार पायाला घासतच वर आला पाहिजे, म्हणून फुल लेगिंग घाला. वर ताठ उभं राहायचं, मागे झुकायचं नाही. खाली नेताना आधी हिप्स मागे, मग गुडघे.

बूट सपाट तळाचे. रनिंग शूजच्या मऊ सोलवर पाय डगमगतो, त्यापेक्षा साधे कॅनव्हास बरे.

आठवड्यातून दोन दिवस पुरे, समजा सोमवार आणि गुरुवार. दोन्ही दिवशी स्क्वॉट ३ सेट ५ वेळा, डेडलिफ्ट २ सेट ५ वेळा, मध्ये दोन-तीन मिनिटं खरंच बसा. सगळे रेप्स, म्हणजे सेटमधल्या सगळ्या वेळा, स्वच्छ झाले तरच पुढच्या वेळी २.५ किलो वाढवा, आणि एका छोट्या वहीत लिहा. पाळीत बरं वाटत असेल तर करा, नसेल तर त्या दिवशी कमी वजन. मांड्या दोन दिवस ठणकणं नॉर्मल आहे, जिना उतरताना कळतं, पण सांध्यात टोचणारी किंवा कमरेतून पायात उतरणारी कळ आली तर तिथेच थांबा आणि दाखवून घ्या.

आणि जेवा गं. नुसता चहा-बिस्किटावर जिमला येणाऱ्या मैत्रिणींना मी रोज बघते. दुपारच्या ताटात मटकीची उसळ नाहीतर घट्ट वरण वाटीभर जास्त, दोन अंडी (एकात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन), नाहीतर पनीर, दही. सगळ्यांना वाढून उरेल ते खायचं, हे निदान जिमच्या दिवशी तरी नको.