जुन्या लष्करी रायफलच्या तडकलेल्या दस्त्याची दुरुस्ती

जुन्या लष्करी रायफलचा लाकडी दस्ता तडकलेला दिसला की हात आधी इपॉक्सी गोंदाकडे जातो. पण चीर का पडली हे आधी शोधावे. मूळ दोष तसाच राहिला, तर कितीही सफाईने केलेला जोड पुढच्या काही गोळ्यांत पुन्हा उघडतो. 1891 ची मोसिन-नागान किंवा 1898 ची माउझर यांसारख्या अखंड दस्त्याच्या रायफलींत चीर बहुधा रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या, मागच्या शेपटाला लागून, म्हणजे टँगच्या मागे पडते. वर्षानुवर्षे लाकूड सुकून आक्रसते, स्क्रू ढिले पडतात, आणि गोळी झाडल्यावर रिसीव्हर मागे सरकून टँग पाचरीसारखा लाकडात घुसतो. 1907 च्या ली-एनफील्डचा दस्ता दोन भागांत असल्यामुळे तेथे धक्का पुढच्या लांब भागाच्या मागील टोकाला बसतो व तेच फाटते. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात या भागाला मजबुतीसाठी आडवा स्क्रू घालत असत. त्याचे डोके बाजूला दिसले, तर कोणीतरी केलेली ओबडधोबड डागडुजी समजून तो काढू नये.

काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिन रिकामे करावे, बोल्ट काढावा आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून व बोट घालून काडतूस नसल्याची खात्री करावी. मग खाचेत घट्ट बसणारा पेचकसच वापरून सर्व धातूचे भाग उतरवावेत. दस्ता मोकळा झाल्यावर संशयाच्या जागेवर स्पिरिटचा बोळा फिरवून थांबावे. भोवतालचा पृष्ठभाग काही क्षणांत कोरडा होतो, पण चिरेत शिरलेले स्पिरिट मागे राहते आणि केसासारखी काळी ओली रेघ उमटते. कोरड्या लाकडावर दोन सेंटीमीटर वाटलेली चीर अशा वेळी पाच सेंटीमीटर निघू शकते. या रेघेचे टोक पेन्सिलीने खुणेने नोंदवून ठेवावे.

यानंतरचा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि दुरुस्ती फसते तीही बहुधा येथेच. धातूवर चोळलेले तेल अनेक दशके झिरपून रिसीव्हरखालचे लाकूड काळे व मऊ करते, आणि तेलकट लाकडाला इपॉक्सी धरत नाही. मीही एकदा घाईने तेल न काढताच चीर जोडली होती. महिन्याभरात इपॉक्सीचा पातळ पापुद्रा अखंड सुटून हातात आला. खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून तिचा जाड लेप चिरेवर द्यावा, सुकल्यावर झटकावा आणि पिवळसर झालेली भुकटी टाकून नवा लेप लावावा. भुकटी पांढरीच राहू लागेपर्यंत हे करीत राहावे; त्याला कधी चार दिवस लागतात, कधी दहा. ॲसिटोन पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आसपास ज्योत वा ठिणगी नसावी, आणि लेप पूर्ण सुकून वास गेल्याखेरीज हेअर ड्रायरची ऊब देऊ नये.

जोडण्यासाठी सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी घ्यावी. पाच मिनिटांत आवळणारी चिरेच्या तळापर्यंत पोहोचण्याआधीच जाड होते. प्रथम इपॉक्सीशिवाय दाबून चीर पूर्ण मिटते का ते पाहावे. चिरेच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावावी, पातळ पात्याने इपॉक्सी आत सारावी आणि दस्ता हलकेच वाकवून चीर उघडमीट करावी, म्हणजे ती ओढ घेऊन आत शिरते. मात्र चीर पाचर घालून रुंदावू नये. दाबण्यासाठी शिकंज्यापेक्षा सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळलेली मला अधिक पसंत आहे, कारण ती गोल आकारावर सर्व बाजूंनी सारखा दाब देते आणि लाकडावर वळ उठवत नाही. किमान 24 तास हात लावू नये.

चीर लांब असेल तर सुमारे 3 मिमी जाडीची, आटे असलेली पितळी सळई चिरेला आडवी घालावी. भोक शक्यतो आतल्या बाजूने, जेथे वर धातू येणार आहे तेथून पाडावे आणि गिरमिटाच्या पात्याला पट्टी चिकटवून खोली बांधून घ्यावी. पकडीच्या अरुंद मानेला आरपार तडा गेला असेल, तर मात्र तो दस्ता जोडून केवळ प्रदर्शनात ठेवावा. त्याने गोळी झाडू नये.

आता मूळ दोषाकडे वळावे. टँगच्या मागील लाकूड धारदार पटाशीने अर्धा ते एक मिलिमीटर मागे घ्यावे, म्हणजे धातू तेथे टेकणार नाही. मग रिसीव्हरच्या खाली असलेल्या, धक्का लाकडाला देणाऱ्या धातूच्या खांद्याला काजळ लावून रिसीव्हर बसवावा व उचलून पाहावे. लाकडावर काळा डाग एकाच कोपऱ्यात उमटला, तर तेवढ्यावरच सारा धक्का येत आहे असे समजावे. तेथे इपॉक्सीचा पातळ थर देऊन पूर्ण टेकण करावी, मात्र धातूला आधी मेण चोळलेले असावे.

बाहेरून पॉलिश पेपर घासू नये. तपासनिसांचे ठसे व सैनिकांच्या हातांनी आलेली झिलई एकदा गेली की परत येत नाही, आणि ती घालवणे मला फार खटकते. जोडाच्या रेघेवर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा व वीस मिनिटांनी पुसून काढावा. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटतात, म्हणून त्या सुट्या पसरून वाळवाव्यात. रायफल जोडून स्क्रू आवळल्यावर, पहिल्या पाच गोळ्यांनंतर तो भाग पुन्हा स्पिरिटने पुसावा आणि ओली रेघ पेन्सिलीच्या खुणेपुढे गेली आहे का ते पाहावे.