गटातून बाहेर पडलेल्या देशाला माल पाठवताना मंत्र्यांचं उत्तर कसं वाचावं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं कास्टिंग असो की निपाणी-अथणीकडची कोल्हापुरी चप्पल, पार्टी (खरेदीदार) ब्रिटनची निघाली की एक प्रश्न हटकून येतो: ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडला, मग आता ड्युटी किती आणि कागद कुठले? मोबाइलवर मंत्र्यांच्या भाषणाची कात्रणं फिरत असतात. संसदेतलं उत्तर खरंच कामाचं असतं, पण मंत्री सगळ्या देशाच्या व्यापाराबद्दल बोलत असतात. तुमच्या पेटीवर कर किती, हे तिकडचं कस्टम मालाच्या वर्गीकरणाच्या कोडवरून ठरवतं. म्हणून उत्तर हातात घेण्याआधी आपला कोड पक्का हवा.

कोड आधी, उत्तर नंतर

हा एचएस कोड. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. आपल्याकडे पुढे दोन जोडून आठ होतात (हाच आयटीसी-एचएस), ब्रिटनमध्ये आयातीसाठी दहा लागतात. ६४०३ २० या कोडचं वर्णन असं: तळ चामड्याचा, वर पंजावरून आणि अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. म्हणजे कोल्हापुरीच. पण पार्टीने घसरू नये म्हणून रबरी तळ लावायला सांगितला की हा कोड सुटतो आणि चप्पल ६४०३च्या दुसऱ्या ओळीत जाते. नमुन्यात असा बदल झाला तर इनव्हॉइसवरचा कोडही बदला.

फाउंड्रीवाल्यांची चूक वेगळी. बिडाचं सगळं काही ७३२५ १०खाली टाकायची सवय असते. पंपाचा भाग म्हणून स्पष्ट ओळखू येणारं कास्टिंग पंपाच्या भागांत, म्हणजे ८४१३ ९१मध्ये जातं. हायड्रॉलिक सिलिंडर ८४१२ २१, व्हॉल्व्ह ८४८१ २०. पार्टीने एक कोड धरला आणि आपल्या शिपिंग बिलावर दुसरा असला की माल बंदरात अडतो आणि डिमरेजचा, म्हणजे माल पडून राहण्याच्या दंडाचा, मीटर सुरू होतो. पहिले सहा आकडे पार्टीशी ईमेलवर जुळवून घ्या, तो ईमेल जपून ठेवा.

बाहेर पडला म्हणजे नेमकं कशातून

उत्तरात ‘बाहेर पडल्यानंतर’ हे शब्द दिसले की तिथे थांबा. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी महासंघ सोडला, पण संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२०पर्यंत चालला. व्यापाराच्या दृष्टीने खरी भिंत १ जानेवारी २०२१ला उभी राहिली. त्या दिवसापासून ब्रिटनचं शुल्कपत्रक वेगळं झालं. गट सोडायची ब्रिटनची ही पहिली वेळही नव्हे: १९६०च्या एफ्टा या युरोपीय मुक्त व्यापार गटाचा तो संस्थापक सदस्य होता आणि १९७३मध्ये युरोपीय समुदायात जाण्यासाठी त्याने एफ्टा सोडला.

प्रत्येक देश सगळंच सोडतो असंही नाही. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी २९ जानेवारी २०२५ रोजी पश्चिम आफ्रिकेचा इकोवास गट सोडला, पण सीएफए फ्रँक वापरणाऱ्या देशांच्या दुसऱ्या संघात ते राहिले. त्यामुळे चलन तेच राहिलं. तिकडच्या मंत्र्यांच्या उत्तरात ‘गट’ म्हणजे यातला कुठला, हे आधी पाहावं लागतं.

आपल्याकडे ‘भारत आरसेपमधून (आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून) बाहेर पडला’ असं सर्रास म्हणतात. भारत त्यात कधी आत नव्हताच. वाटाघाटीत होता, आणि ४ नोव्हेंबर २०१९ला बँकॉकमध्ये सामील होणार नाही असं सांगितलं. त्यामुळे आसियान, जपान, कोरिया यांच्याशी आधीपासून असलेले करार जसेच्या तसे राहिले आणि त्या करारांखालची सवलत त्या दिवशी बदलली नाही. ‘सोडलं’ आणि ‘घेतलंच नाही’ या दोहोंत तुमच्या किमतीचा फरक असतो.

क्रियापदाखाली रेघ मारा

करार चार पायऱ्या चढतो: वाटाघाटी पूर्ण, सही, मंजुरी, अंमल. चौथ्या पायरीआधी कर एक पैशानेही कमी होत नाही. मंत्र्यांच्या उत्तरात पहिल्या दोन पायऱ्याच ठळक असतात, कारण बातमी त्यांचीच होते. एफ्टाच्या चार देशांशी भारताचा करार १० मार्च २०२४ला सही झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ला लागू झाला, म्हणजे मध्ये दीड वर्षाहून जास्त काळ गेला. ब्रिटनशी झालेल्या करारावर २४ जुलै २०२५ला सही झाली. भारताच्या ९९ टक्के शुल्क-ओळींना (शुल्कपत्रकातल्या मालाच्या नोंदींना) ब्रिटनमध्ये शून्य कर, हे त्यातलं मुख्य वाक्य. तरीही सहीच्या तारखेवर दर काढू नका. ब्रिटन सरकारच्या ट्रेड टॅरिफच्या संकेतस्थळावर कोड टाका, देश भारत निवडा आणि तारखेच्या रकान्यात माल तिकडे पोचण्याची तारीख भरा. शुल्क लागतं ते आयातीची नोंद स्वीकारली जाते त्या दिवसाचं. बिल ऑफ लेडिंगची (जहाजावर माल चढवल्याच्या पावतीची) तारीख इथे चालत नाही.

भविष्यातली तारीख सांगणारं उत्तर आणखी जपून वाचा. वस्तू सुरक्षा-नियमांत बसते हे दाखवणाऱ्या युरोपच्या सीई चिन्हाऐवजी ब्रिटनने स्वतःचं यूकेसीए चिन्ह आणलं. ते सक्तीचं होण्याची तारीख आधी २०२२ची सुरुवात होती, मग २०२३ची सुरुवात, मग २०२४ची अखेर. ऑगस्ट २०२३मध्ये यंत्रसामग्रीसह बऱ्याच वस्तूंसाठी सीई चिन्ह मुदतीशिवाय चालू ठेवायचं ठरलं. पहिल्या तारखेवर विसंबून ज्याने सगळ्या नेमप्लेटा नव्याने पाडल्या, त्याचा खर्च वाया गेला. अशी तारीख दिसली की एकच गोष्ट शोधा: त्यासाठी नियम अधिसूचित झाला आहे का?

आणखी दोन खुणा. आपल्या लोकसभेत प्रश्नाचे चार भाग असताना उत्तर ‘(अ) ते (ड)’ असं एकत्र आलं, तर बहुधा त्यातला एक भाग अनुत्तरित असतो. कुठला, ते ताडून पाहा. आणि ‘माहिती गोळा केली जात आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ या वाक्याने हिरमुसू नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला सरकारी आश्वासनांची समिती असते. प्रश्नाचा क्रमांक नि तारीख लिहून ठेवली तर तीन महिन्यांनी खासदारांच्या कार्यालयाला आठवण करून देता येते.

आपला प्रश्न आपण विचारायचा

उत्तर मोघम येण्याचं मोठं कारण म्हणजे प्रश्नच मोघम असतो. ‘सीमाभागातल्या उद्योगांना सरकार काय मदत करणार?’ असं विचारलं की योजनांची यादी येते आणि हातात काही पडत नाही.

आधी खासदार कोण ते पाहा, इथे गल्लत होते. बेळगाव शहर आणि ग्रामीण भाग बेळगाव मतदारसंघात. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग, हुक्केरी चिकोडी मतदारसंघात. खानापूर मात्र जिल्हा बेळगाव असला तरी उत्तर कन्नड मतदारसंघात येतो. एकट्याने जाण्यापेक्षा चेंबर किंवा फाउंड्री क्लस्टरच्या लेटरहेडवर पत्र द्या.

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. अधिवेशन जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, मसुदा महिनाभर आधी तयार हवा. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न दिवसाला २०च असतात आणि त्यांतले मोजकेच तासाभरात पुकारले जातात. अतारांकित २३० असतात, उत्तर लेखी मिळतं. आपल्याला आकडे हवेत, तेव्हा अतारांकितच मागा. प्रश्न १५० शब्दांच्या आत असावा, त्यात मत, तर्क किंवा आरोप नको. खासदारांच्या कार्यालयाला भाषांतराचं काम ठेवू नका, इंग्रजीत लिहून द्या. मजकूर साधारण असा:

‘(अ) आयटीसी-एचएस ६४०३ २०खालच्या मालाची ब्रिटनला झालेली निर्यात गेल्या तीन आर्थिक वर्षांत, वर्षनिहाय किती? (आ) त्या मालावर ब्रिटनमध्ये सध्या किती शुल्क आहे आणि करारानुसार कोणत्या तारखेपासून किती होईल? (इ) मूळ देशाचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कर्नाटकात कोणत्या कार्यालयांना आहे?’

कोड, कालावधी, तारीख, ठिकाण. या चारांतलं एकही गाळलं तर उत्तर सैल येतं.

अधिवेशन नसेल तर माहिती अधिकार आहे. केंद्राच्या पोर्टलवर वाणिज्य विभाग निवडा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तिथे ‘का’ विचारू नका. जे कागदावर आहे तेवढंच मिळतं, म्हणून ‘प्रत द्यावी’ असं लिहा. आणि ब्रिटिश सरकारचं म्हणणं हवं असेल तर तुमच्या पार्टीने तिकडच्या आपल्या खासदाराला लिहावं. तो लेखी प्रश्न टाकू शकतो, उत्तर ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतं.

माल कुठे अडतो

पूर्वी ब्रिटनमध्ये एकदा कंटेनर उतरवला की तिथून जर्मनी-हॉलंडला माल मोकळेपणी जायचा. आता ब्रिटनमध्ये कर भरून उतरवलेला भारतीय माल पुढे युरोपात नेला तर तिथे पुन्हा कर लागतो, कारण माल ब्रिटनमध्ये तयार झालेला नाही. पार्टीची गिऱ्हाईकं दोन्हीकडे असतील तर खेप इथेच दोन भागांत करा, किंवा तिकडे कस्टम वेअरहाऊसमध्ये कर न भरता ठेवायला सांगा. पार्टीचा इओआरआय (कस्टममधल्या नोंदणीचा) क्रमांकही बघा: जीबीने सुरू होणारा ग्रेट ब्रिटनचा, एक्सआय उत्तर आयर्लंडचा, आणि युरोपीय देशांसाठी वेगळा. बेलफास्टचा पत्ता दिसला की विशेष जपा. मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंडला युरोपचे बरेच नियम अजून लागू आहेत.

चेंबरकडून मिळणारं मूळ देशाचं साधं प्रमाणपत्र करसवलतीसाठी चालत नाही. सवलतीला त्या-त्या करारात सांगितलेला पुरावाच लागतो. प्रमाणपत्राचा अर्ज डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन व्यवस्थेतून करायचा. एप्रिल ते जून या काळात आयईसी (आयात-निर्यातदार कोड) दरवर्षी अद्ययावत केला नाही तर तो निष्क्रिय होतो, आणि हे बहुतेकांना माल बंदरात गेल्यावर कळतं.

कोल्हापुरीचं चामडं वनस्पतिजन्य कमावणीचं, तेव्हा क्रोमची भीती नाही असं समजतात. पट्ट्याला किंवा आतल्या अस्तराला बाजारातलं क्रोम कमावलेलं चामडं लागलं तर क्रोम-सहाची (क्रोमच्या घातक रूपाची) मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे, म्हणून त्या चामड्याची चाचणी करूनच घ्या. युरोपात किंवा बेलफास्टला ग्राहकोपयोगी वस्तू विकायची तर १३ डिसेंबर २०२४पासून तिथल्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता वस्तूवर किंवा पाकिटावर लागतो. पेट्या बंद करण्याआधी तो मागून घ्या. कोल्हापुरीच्या जीआय (भौगोलिक) मानांकनात बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आपले चार जिल्हे आहेत, पण त्याने कर कमी होत नाही.

लोखंडाकडे कार्बनचा कर आला आहे. युरोपात १ जानेवारी २०२६पासून पाईप फिटिंग (७३०७), नट-बोल्ट (७३१८) आणि ७३२६खालच्या वस्तूंवर आयातदाराला कार्बनचा हिशेब द्यावा लागतो. वर्षाला एकूण ५० टनांखाली आणणाऱ्याला सूट आहे. ब्रिटनची तशीच यंत्रणा १ जानेवारी २०२७पासून जाहीर झाली आहे. दोन्हींसाठी भट्टीनिहाय वीज, कोक आणि भंगाराची नोंद आत्तापासून वेगळी ठेवा. पार्टी मागच्या सहा महिन्यांचे आकडे मागते तेव्हा अंदाज चालत नाही.

कोडबद्दल शंका उरलीच, तर पार्टीला ब्रिटनच्या कस्टमकडून आगाऊ शुल्कनिर्णय घ्यायला सांगा. तो तीन वर्षं चालतो आणि कस्टमवर बंधनकारक असतो. युरोपचा असाच जुना निर्णय ग्रेट ब्रिटनमध्ये चालत नाही, दोन्हीकडे विकायचं तर दोन घ्यावे लागतात. त्याचा क्रमांक पार्टीने आयातीच्या नोंदीत टाकायचा आणि तुम्ही इनव्हॉइसवर लिहायचा.